सावली अजून बरोबर नाही

माझी आणि त्याची पहिली गाठ पडली ती एका म्हशीपायी.

म्हैस आमचीच. नाव चंद्री. झालं असं की, स्नेहल वहिनी अंगणात माझा उभा फोटो काढत होती, लग्नाच्या बायोडाट्यासाठी. डाळिंबी साडी, वहिनीचीच ठुशी, केस मोकळे. वहिनी काहीतरी वात्रट बोलली, मी खळखळून हसले, आणि नेमकी त्याच वेळी मागं बांधलेल्या चंद्रीनं मान वर केली. फोटोत तिची शिंगं बरोबर माझ्या डोक्यातून उगवलेली!

"दुसरा काढा," आई म्हणाली. काढले. चांगले चौदा काढले. चौदाही फोटोंत माझा चेहरा आधार कार्डावरचा. शेवटी आईनं निकाल दिला, "हासू ह्या एकाच फोटूत आलंया. ह्योच ठेवा. म्हस काढा."

म्हस काढा म्हणे! जशी काय गोठ्यातनंच सोडायची होती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, स्टुडिओत न्यायचा फोटो. पण तिथंच माझी गोची होती. मी राजनंदिनी. कोल्हापूरशेजारच्या उचगावात एका दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संगणकावर बसते आणि दुपारच्या मोकळ्या वेळात तिथंच अख्ख्या गावाचे लग्नाचे बायोडाटे करून देते. वरती गणपती, बाजूनं वेलबुट्टी, खाली मामाचं गाव. सगळं 'गिंप' नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. गावभर बायोडाटे करणारीनं स्वतःचा फोटो दुसऱ्याकडून नीट करून आणला, तर लोक काय म्हणतील? शिवाय स्टुडिओवाले पीठ फासल्यासारखं गोरं करतात, ते वेगळंच.

पण वेलबुट्टी लावणं वेगळं आणि माणसामागची म्हैस काढणं वेगळं. दोन दुपारी मी झटले. शिंगांबरोबर माझे केसही जायला लागले, तेव्हा हात टेकले आणि 'मराठी गिंपकर' या टेलिग्रामवरच्या ग्रुपवर गेले. तिथं तीन-चारशे माणसं, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. ज्याला अडतं तो विचारतो, ज्याला येतं तो सांगतो. मी मोबाईलनं संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला, त्यातल्या माझ्या चेहऱ्यावर एक पिवळा गोळा ठेवला आणि खाली लिहिलं, 'क्लायंटचा फोटो आहे. मागची म्हैस काढायची आहे. अर्जंट.'

क्लायंट! आपलाच बायोडाटा आपण करतोय, हे चारशे परक्या माणसांना कशाला सांगा?

पहिलं उत्तर आलं, 'म्हैस ठेवा, क्लायंट काढा.' दुसरं आलं, 'दूध किती देते?' मी ग्रुप सोडणारच होते... तेवढ्यात तिसरं आलं.

'ताई, पडद्याचा मोबाईलवर फोटू काढून टाकू नका. त्यात तुमचा पंखा बी दिसाय लागलाय. स्क्रीनशॉट टाका.'

मी तापलेच. लिहिलं, 'पावणं, सांगायचं आसंल तर सांगा, न्हायतर ऱ्हाऊ द्या.'

'सांगतो की! रागावताय कशाला?'

त्या 'की'नं माझा राग कुठल्या कुठं गेला. हा आपल्याच भागातला, हे कळायला आणखी काही लागत नाही.

'गाव कुठलं?' मी विचारलं.

'कुरुंदवाड. नाव विजयसिंह. आता मूळ फाइल पाठवा, पन हितं न्हवं, मला येगळी पाठवा. बायामाणसांचे फोटू ग्रुपवर टाकू न्हयेत.'

मी थांबले. मूळ फाइल म्हणजे चेहऱ्यावर गोळा नसलेली. अर्धा तास विचार केला. मग पाठवली. का पाठवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्यानं म्हैस काढून दिली नाही. काढायची कशी ते सांगत बसला. पहिली गोष्ट म्हणजे खोडरबर वापरायला बंदी. 'खोडलं की गेलं. त्यापेक्षा मास्क लावा. झाकलेलं कवाबी परत उघडता येतंय.' मग केस. केसांची कड एका झटक्यात कापायची नाही, फोटो मोठा करून बट-बट सोडवायची. मी एक बट सोडवायची, त्याला दाखवायची. तो म्हणायचा, 'आता म्होरची.'

तिसऱ्या दुपारी शिंगं गेली. मी हरखून लिहिलं, 'सर, लई आभार!'

'हितं आभार मानायचे न्हाईत,' तो म्हणाला. 'ग्रुपची रीतच हाय तशी. तुम्हाला एकानं शिकवलं, की तुमी दोघांना शिकवायचं. फिटलं.'

फिटलं? मला ते फिटायला नको होतं. हे मला तो शब्द वाचतानाच कळलं आणि कान गरम झाले.

नशीब माझं बरं की वांधेच वांधे निघाले. म्हैस गेली, पण जमिनीवर म्हशीची सावली तशीच राहिली. ती घालवली तर माझी सावली कमरेपासून तुटली. त्यात एका दुपारी मी सगळे लेयर – म्हणजे फोटोतले सुटेसुटे थर – एकत्र चिकटवून फाइल साठवली आणि मूळ फाइल पुसून टाकली. चार दिवसांचे केस एका क्षणात गेले. मी खरंच रडले.

'रडू नका,' त्यानं लिहिलं. मी रडतेय हे मी सांगितलंच नव्हतं. 'चार दिवस काय, परत करू की.'

आणि डोळे पुसता पुसता मला काय वाटलं सांगू? बरं झालं, असं वाटलं. आणखी चार दिवस मिळाले.

श्रावण लागला होता. दुपारी संस्थेत कोणी नसायचं. बाहेर ऊन-पावसाचा खेळ, पत्र्यावर सर येऊन जायची, आणि मी पडद्यासमोर बसून त्याच्या नावापुढं 'लिहीत आहे' असं कधी उमटतंय ते बघायची. त्याच्या नावाशेजारी फोटो होता, पण नदीच्या घाटाचा. माणूस नाहीच त्यात. त्यानं माझी एकेक बट बघितली होती, आणि मला त्याचं नाकसुद्धा ठाऊक नव्हतं.

एक दिवस तो म्हणाला, 'तुमचं गिऱ्हाईक हासतंय मातुर झकास.'

मी कीबोर्डवरचे हात उचलले. परत ठेवले. 'सांगू का तिला?'

'नगा. डोक्यावर बसंल.'

'तसली न्हाय ती.'

'कसली हाय मग?'

काय सांगावं? 'बरी हाय... जरा भांडखोर हाय.'

'मला वाटलंच.'

'कशावरनं वाटलं?'

'हनुवटीवरनं.'

त्या संध्याकाळी दुधाच्या रांगेला मी अर्धा तास तंगवत ठेवलं, कारण भिंतीवरच्या आरशात हनुवटी बघत होते. आणि मग वाईट वाटायला लागलं. बोलते मी, प्रश्न विचारते मी, चुका करते मी, आणि हा हनुवटी बघतोय तिची! माझाच फोटो, आणि मला त्या फोटोतल्या बाईचा राग आला. तिला हसण्यापलीकडं काही काम नव्हतं.

त्याच आठवड्यात मला जाणवलं की तो मला 'ताई' म्हणायचा बंद झालाय. कधीपासून ते आठवेना, म्हणून मी मागं जाऊन सगळं वाचलं. सहाव्या दिवसापासून. शेवटचं 'ताई' मंगळवारी दुपारी होतं, त्यानंतर नुसतंच 'तुमी'. मग मीही 'सर' गाळून टाकलं. काही बोललो नाही आम्ही त्यावर. अशा गोष्टींवर कोण बोलतं?

मी विचारलं, 'हे सगळं शिकला कुठं?'

'पुरात.'

मला वाटलं थट्टा करतोय. मग तो तुटक तुटक लिहीत गेला. दोन हजार एकोणीसचा महापूर. घरात माणूसभर पाणी. आठवड्यानं परत आले तर भिंतीवरचा आईचा फोटो काचेला चिकटलेला. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि तिचा तेवढा एकच फोटो.

'डावा डोळा पाण्यानं नेलाता. ह्या ग्रुपवर एक नांदेडचा मानूस भेटला. उजव्या डोळ्यावरनं डावा कसा करायचा ते त्यानं मला नऊ दिवस शिकवलं. त्याचं तोंड मी अजून बघितलं न्हाय. मग गावातल्यांचे भिजलेले फोटू मी करायला लागलो. आता शेती बघून तेच काम करतो.'

मी लिहिलं, 'आई आता बघते का तुमच्याकडं?'

'बघती की. जरा तिरकं बघती. डोळा मला पुरता जमला न्हाय.'

तिथं मी प्रेमात पडले. सरळच सांगते, आढेवेढे कशाला? तोंड न बघितलेल्या, आवाज न ऐकलेल्या माणसाच्या प्रेमात, दुपारी सव्वादोन वाजता, दूध संस्थेच्या खुर्चीवर. मी उठून बाहेर पागोळ्यांखाली हात धरून उभी राहिले.

आणि घरी? घरी आई रोज विचारत होती, "फोटू कवा हुणार?" आदर्श नावाचं एक स्थळ होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं चांगली, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा त्यांचा विचार. त्यांना फक्त फोटो हवा होता.

"अजून सावली बरोबर न्हाय," मी सांगायची.

हे मी मनानं सांगत नव्हते. विजयसिंहच म्हणायचा तसं. मी सावली करून पाठवायची, तो म्हणायचा, 'सावली अजून बरोबर न्हाय. ऊन कुठनं पडलंय बगा.' मी दुसऱ्या बाजूनं करायची. 'आता लई काळी झाली.' मी फिकी करायची. 'आता पाय अधांतरी वाटत्यात.' आठ दिवस नुसती सावली! आणि ज्या दिवशी तो चूक काढणार नाही असं वाटायचं, त्या दिवशी मी आपणहून एखादा लेयर बिघडवून ठेवायची. दोनदा तर फाइल पुन्हा चिकटवली. या वेळी चुकून नव्हे.

"म्हस काढायला तीन आठवडे?" वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. "एवढ्यात रेडकू झालं आसतं तिला."

"सावलीचं काम नाजूक आसतंय."

"व्हय व्हय. आनि सावलीवाल्याचं नाव काय?"

मी तव्यावरची भाकरी करपवली. वहिनीनं पुढं विचारलं नाही, पण आईला तिनं सांभाळून घेतलं, ते शनिवारपर्यंत. शनिवारी आई संस्थेतच आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली. फोटोत मी हसत होते, शिंगं नव्हती, पायाखाली सावली होती.

"ह्यात आनि काय ऱ्हायलंय?" आई म्हणाली. "सोमवारी पाठवायचाच. न्हायतर शिंगासकट पाठवते."

मी विजयसिंहला लिहिलं, 'गिऱ्हाईकाला सोमवारी फोटो पाहिजे. स्थळाकडं जायचाय.'

वाचल्याच्या दोन खुणा उमटल्या. 'लिहीत आहे' आलं... गेलं. परत आलं... गेलं. मग काहीच नाही. रविवारी दुपारी एक फाइल आली आणि खाली दोन ओळी. 'सगळं पुरं केलंय. आता काय ऱ्हायलं न्हाय.'

मी उघडून बघितलं. इतकं सुरेख काम मी कुणाचं बघितलं नव्हतं. चंद्री कधी तिथं बांधलीच नव्हती असं वाटावं. मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीतच बसून ओठ चावत रडले, कारण त्यानं म्हटलं होतं, काय राहिलं नाही. एवढं सुंदर करून त्यानं मला... म्हणजे तिला... दुसऱ्याच्या हवाली केलं होतं.

सोमवारी बायोडाटा गेला. मंगळवारी निरोप आला, मुलगी पसंत आहे, येत्या रविवारी बघायला येतो. आईनं चुरमुऱ्याचे लाडू वळायला घेतले.

बुधवारी दुपारी मला राहवलं नाही. त्याची ती फाइल मी पुन्हा उघडली. फोटो बघायला नव्हे, त्याच्या हाताचं काम बघायला. या वेळी बाजूची लेयरची यादी बघितली. प्रत्येक थराला त्यानं नाव दिलं होतं. 'केस डावीकडचे'. 'केस उजवीकडचे'. 'पदर'. 'भिंत'. 'सावली'. आणि मधला मोठा थर, ज्यात नुसती ती हसरी बाई होती, त्याचं नाव 'राजनंदिनी'.

ग्रुपवर माझं नाव होतं ते. पण फोटोतल्या गिऱ्हाइकाचं नाव मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं!

मी सरळ फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता.

"हॅलो..." आवाज जाड होता, पण दबकत आलेला.

"त्या लेयरला तुमी नाव काय दिलंय?"

 माझ्याकडं पत्र्यावर पाऊस, त्याच्याकडंही कुठंतरी पाऊस.

"बदलायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "माझ्यापाशी पहिल्यापास्नं तेच नाव हुतं. पाठवताना 'गिऱ्हाईक' करणार हुतो."

"पहिल्यापास्नं? म्हंजी तुम्हाला ठावं हुतं?"

"तुमी पडद्याचा फोटू टाकलासा न्हवं? त्यात वर फाइलीचं नाव दिसत हुतं. 'माझा फोटो लग्नाचा'."

मी कपाळावर हात मारून घेतला. चेहऱ्यावर एवढा मोठा गोळा ठेवला आणि नाव उघडं!

"मग बोलला न्हाय ते?"

"तुमी गिऱ्हाईक म्हणलासा, मी बी गिऱ्हाईक म्हणलो."

"आनि ती हनुवटी..."

"तुमचीच की."

मी भिंतीला टेकले.  "आनि सावली? आठ दिवस बरोबर न्हाय, बरोबर न्हाय म्हणत हुता..."

तो अगदी हळू म्हणाला, "सावली पहिल्याच दिवशी बरोबर हुती."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. "मी दोनदा फाइल मुद्दाम बिघडवली," मी म्हणाले.

"तीनदा."

"पहिल्यांदा खरंच चुकून."

"आसं व्हय..."

"एवढं हुतं तर सांगायचं का न्हाय?" मी जवळजवळ ओरडलेच. "रविवारी पावणं येणार हायती मला बघायला!"

"कसं सांगणार?" आता त्याचाही आवाज चढला. "लोकं इस्वासानं घरातल्या लेकीबाळींचे फोटू देत्यात माझ्याकडं. फोटू नीट करायला दिला आनि मी त्याच्यावरनं काय बोललो, तर माझ्याकडं परत कोण देईल? तुमी तरी दिला आसता? फोटू माझ्याकडं आला तो दुसऱ्याला दाखवायला. मी तो झाकून कसा ठिवणार?"

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. हाच तर माणूस आवडला होता मला. म्हणजे बोलायचं असेल तर मलाच बोलायला हवं होतं.

"शनिवारी बारा वाजता कोल्हापूरच्या स्टँडवर या," मी म्हणाले.

"माझा फोटू पाठवू का? वळखायला..."

"फोटू नगं. फोटूचं लई झालं."

गुरुवारी मी आईला सांगितलं. चुलीपुढं बसून, एका दमात. आई लाडू वळत होती. ती वळायची थांबली.

"तोंड बघितलंस का त्याचं?"

"न्हाय."

"आवाज?"

"काल ऐकला."

"म्हंजी आमी इकडं तुझ्या फोटूसाठी तीन आठवडे थांबलो, आनि तू फोटू न बघताच मोकळी!" आई म्हणाली. वहिनी पदरात तोंड खुपसून हसत होती. आई हसली नाही. तिनं हातातला लाडू पुरा वळला, ताटात ठेवला आणि म्हणाली, "पावण्यांना या म्हणून मी शबुद दिलाय. तो मी उगंच मोडणार न्हाय. तुझा जो कोण आसंल तो रविवारच्या आत माझ्याम्होरं हुबा ऱ्हायला पायजे. फोनात न्हवं, दारात. न्हाय आला तर मुकाट्यानं साडी नेसायची."

शनिवारी सकाळपासून धो धो. पंचगंगा पात्राबाहेर पडली होती आणि जो तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत होता. मी साडेअकरालाच स्टँडवर. बारा वाजले, एक वाजला. शिरोळ-कुरुंदवाडकडचा रस्ता पाण्याखाली गेल्याचं एक कंडक्टर दुसऱ्याला सांगत होता. विजयसिंहचा फोन बंद. तिकडून येणारी प्रत्येक बस थांबली की मी पुढं व्हायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं बघायची. हा असेल? टोपीवाला? तो छत्रीवाला? एक जण माझ्याकडं बघून हसला, मी पाऊल टाकलं, तर तो माझ्या मागं उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडं गेला. दोन वाजले. साडेदोन. येणारच नसेल तर? भलेपणानं घरीच बसला असेल तर? अनोळखी तोंडाची एवढी आठवण येऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

पावणेतीनला भलत्याच बाजूनं, निपाणीच्या बसमधून, एक उंच माणूस उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ओली पिशवी. तो उतरला आणि माझ्यापासून दहा पावलांवर नुसताच उभा राहिला. पुढं येईना. त्याला मला ओळखायची गरजच नव्हती.

मी चालत गेले. सावळा, जाड भुवयांचा, नाकाला बाक. मी जे जे मनात काढलं होतं त्यातलं काहीच जुळलं नाही, आणि मला तो शंभर वर्षं ओळखीचा वाटला.

"वाटंत पाणी हुतं," तो म्हणाला. "लई लांबनं फिरून आलो. मोबाईल भिजला." मग माझ्या कानाकडं बघून थांबला. वाऱ्यानं एक बट सुटली होती. "ही... ही हालताना कवा बघितली नव्हती."

मी बट कानामागं घेतली नाही. तशीच उडू दिली.

"मी एवढंच सांगायला आलोय," त्यानं मान खाली घातली आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागला. "उद्याच्या पावण्यांना येऊ द्या. पोरगा पुण्यात हाय, कायमची नोकरी हाय. माझ्याकडं चार वर्सांत दोनदा पानी दारात. गाद्या माळ्यावर टाकायच्या, जनावरं हलवायची, शाळंत जाऊन ऱ्हायचं. आसल्या घरात तुमाला आणून..."

"एवढं सांगायला पाण्यातनं आलासा?"

त्यानं ओली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"दुसऱ्याच्या फोनवरनं सांगायचं की."

"फोनवर..." त्यानं वर बघितलं. पावसानं त्याच्या पापण्या चिकटल्या होत्या. "फोनवर तुमी दिसला नसता."

 ही वेळ रडायची नव्हती. उचगावची बस फलाटाला लागत होती.

"आता बघितलंसा?"

"बघितलं."

"मग चला."

"कुठं?"

"उचगावला. आई म्हणालीया, माणूस फोनात न्हवं, दारात पायजे."

"आज? ह्या अवतारात?"

"ह्याच अवतारात. कसा आलासा ते दिसू दे तिला."

तो हलला नाही. "आनि त्यांनी न्हाय म्हणलं तर?"

मी खोटं बोलले नाही. "म्हणंल बी. मला ठावं न्हाय. पन तुमी न सांगता गेला आनि मी न बोलता साडी नेसली, तर ते आपुन दोघांनीच न्हाय म्हणल्यागत हुईल. तिनं म्हणू दे. आपुन नगं म्हणाया."

बस सुरू झाली. मी चढले आणि मागं वळून बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. खिडकीशेजारी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि समोरच्या बाकाकडं बघत राहिले. शेजारची जागा रिकामी होती. दाराचा आवाज झाला, ओल्या चपलांचा आवाज झाला, आणि चिखल-पावसाचा वास घेऊन तो शेजारी येऊन बसला. मध्ये वीतभर अंतर ठेवून.

कंडक्टर आला. "कुठं?"

विजयसिंहचा हात खिशाकडं गेला. मी त्याचं मनगट धरलं. ते पावसानं गार पडलं होतं.

"दोन उचगाव," मी म्हणाले.

कंडक्टरला ऐकू गेलं होतं. तरी मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं, पार मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

"दोन."